तिठ्यावरचा कोहळा

कप खाली ठेवा आधी. हो, ठेवाच! हा किस्सा ऐकताना आमच्या मेव्हण्यानं अंगावर चहा सांडून घेतला आणि पँट धुवायला आमच्याच घरी टाकून गेला. फजिती माझी, आणि वर पँट त्याची धुवायची!

तर मी विज्ञानाचा मास्तर. एवढं आधीच लक्षात ठेवा, कारण पुढं मी जे केलं ते ऐकून तुमचा विश्वास बसणार नाही. नाशिकमधल्या एका शाळेत आठवी ते दहावीला शिकवायचो. नुसतं शिकवून थांबायचो नाही. वर्षातून एकदा शाळेच्या हॉलमध्ये 'चमत्कारामागचं विज्ञान' म्हणून माझा कार्यक्रम असायचा. नारळातून धूर काढ, जिभेवर पेटता कापूर ठेव, लिंबू कापून रक्त काढ! आणि शेवटी टेबलावर मूठ आपटून म्हणायचो, "करणी नाही, भानामती नाही, आहे ते फक्त रसायन!"

टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. मला टाळ्या फार आवडायच्या, खोटं कशाला बोलू?

नव्वदचं दशक संपत आलं होतं. इंदिरानगरला दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. स्वतःचं घर घ्यावं म्हटलं तर शहरातले भाव ऐकून घशाला कोरड पडायची. तेवढ्यात पेपरात जाहिरात आली, 'निसर्गाच्या कुशीत, तुमच्या खिशाला परवडेल असं रो हाऊस!' गिरणाऱ्याच्या बाजूला एक खेडं. नाव सांगत नाही. मी अजून तिथंच राहतो, आणि गावाची माझ्यामुळं पुरेशी करमणूक झालेली आहे.

बिल्डरच्या पत्रकावर पोहण्याचा तलाव होता, बाग होती, झोपाळ्यावर बसलेली एक गोरीपान बाई होती. प्रत्यक्षात बारा घरं होती आणि त्यातली तीन भरलेली. तलावाच्या जागी खड्डा. निसर्गाच्या कुशीत आलो हे मात्र शंभर टक्के खरं. इतके कुशीत, की पहिल्याच आठवड्यात न्हाणीघरात धामण निघाली! डांबरी रस्ता गावाच्या तिठ्यापर्यंतच. सिटी बस दिवसातून दोनदा, तीही ड्रायव्हरच्या मनात असेल तर. आणि नळ? बिल्डर म्हणाला होता, "नळ आहेत की सर, प्रत्येक खोलीत!" होते ना. नळच होते. पाणी त्याच्या बोलण्यात कुठं होतं?

प्यायचं पाणी आणायचो तात्यांच्या विहिरीवरून. तात्या म्हणजे आमच्या भिंतीला लागून ज्यांचा मळा होता ते. कोथिंबीर, मेथी, पालक असली भाजी पिकवून नाशिकच्या बाजारात पाठवायची हा त्यांचा धंदा. पहिल्या दिवशी मी हंडा घेऊन संकोचत उभा राहिलो तर म्हणाले, "मास्तर, पाण्याला लाजायचं नाय. हीर काय माझ्या बापानं डोक्यावर वाहून आणली व्हय? जमिनीतलंच हाय." आमचं लोखंडी कपाट टेम्पोतून उतरवायलाही हाच माणूस धावून आला होता. खरं सांगतो, त्या रानात आमचा संसार उभा होता तो तात्यांच्या भरवशावर. तात्या रुसले असते तर आम्हाला दुसऱ्या दिवशी सामान बांधावं लागलं असतं.

त्यांची म्हातारी आई होती. सगळं गाव तिला आजी म्हणायचं. पाठीत वाकलेली, पण दिवसभर खुरपं हातात. बोलायची कमी, बघायची जास्त.

राहायला येऊन तीन आठवडे झाले असतील. दिवाळी होऊन महिना होत आला होता. रविवारची सकाळ. बायकोनं सडा घालायला दार उघडलं आणि ओरडली, "अहो, जरा बाहेर या!"

ती मूळची सटाण्याकडची. दचकली की माहेरची भाषा तोंडात येते. "हाई काय शे?" म्हणून ओट्याकडं बोट दाखवत होती.

ओट्यावर लाल फडक्यात काहीतरी बांधून ठेवलेलं. मी काठीनं गाठ सोडली. आत एक भला थोरला कोहळा. त्याला कुंकवाचा टिळा! भोवती पाच लिंबं आणि मूठभर हिरव्या मिरच्या.

"कोणीतरी भाजी ठेवलेली दिसतेय," बायको म्हणाली.

"भाजीला कुंकू लावतात का गं?" मी म्हणालो. आवाज जरा वरच्या पट्टीतच गेला.

आत जाऊन भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. त्या दिवसाच्या चौकोनात काळा गोल. अमावास्या!

आता वर्गात मी काय शिकवायचो? निरीक्षण, अनुमान, निष्कर्ष. कोहळा, लिंबं, मिरच्या, लाल फडकं, कुंकू आणि अमावास्या. सहा निरीक्षणं झाली. निष्कर्ष तुम्हीच काढा! कोणीतरी आमच्या घरावर करणी केली होती. कोणी केली असेल? तिसऱ्या घरातल्या काकू परवा माझ्याकडं बघून हसल्या नव्हत्या. आणि माझ्या पोटात गुडगुडायला लागलं ते लागलंच. आदल्या संध्याकाळी नाशिकला मिसळीवर तीनदा तर्री मागून घेतली होती, हे तेव्हा सोयीस्करपणे आठवलं नाही.

"हे बघ," मी बायकोला गंभीर आवाजात म्हणालो, "मी असल्या गोष्टी मानत नाही, तुला माहीत आहे. पण तुझ्या मनात उगाच काही नको."

"माझ्या मनात काही नाहीये. मी वड्या करते कोहळ्याच्या."

"हात लावू नकोस!"

इतक्या जोरात ओरडलो की कुंपणावरचा कावळा उडून गेला. बायकोनं माझ्याकडं नुसतं पाहिलं. लग्नाला चार वर्षं झाली होती. त्या नजरेत सगळं होतं.

ठरलं. भर दुपारी, सगळी सामसूम झाली की हे गाठोडं पाटात सोडून द्यायचं. पाट म्हणजे धरणाच्या पाण्याचा कालवा, मळ्यांच्या मागून जायचा. पण निघताना आईची आठवण झाली. आई दृष्ट काढायची तेव्हा वस्तू घरावरून ओवाळायची. वैज्ञानिक दृष्टीनं याला काडीचाही अर्थ नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच मी तीनदाच ओवाळलं. आई सातदा ओवाळायची!

पिशवी अंगापासून हातभर लांब धरून पाटावर गेलो तर तिथं चार बाया धुणं धूत बसलेल्या. झाली पंचाईत! मागे फिरलो. फिरता फिरता तिठ्यावर आलो. गावचा रस्ता, मळ्याचा रस्ता आणि शहराकडं जाणारा डांबरी रस्ता, तिन्ही तिथं मिळायचे. चिटपाखरू नव्हतं. आणि आईचंच वाक्य आठवलं, की उतारा टाकायचा तर तिठ्यावर, अगदी मधोमध.

मग काय! फडकं अंथरलं. मध्ये कोहळा ठेवला. भोवती पाच लिंबं, सारख्या अंतरावर. वर्षानुवर्षं फळ्यावर वर्तुळं काढायची सवय, दुसरं काय? मिरच्या चारी बाजूंना. एवढं झाल्यावर वाटलं, आता अर्धवट कशाला सोडायचं? घरून येताना खिशात उदबत्ती टाकली होती. का टाकली होती, विचारू नका. ती एका लिंबात खोचून पेटवली. हात जोडले. हो, जोडले! आणि मागं न बघता चालायला लागलो. उतारा टाकल्यावर मागं बघायचं नसतं, हे तर शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

दहा पावलं गेलो असेन नसेन, तोच मागून आवाज आला, "ओ मास्तर! मास्तर होऽऽ!"

घोगरा, कापरा आवाज. अमावास्या, भर बारा, निर्मनुष्य तिठा, आणि मागून कोणीतरी मलाच हाक मारतंय! मी ओ दिली नाही. पावलं उचलली. हाक परत आली, "आहो मास्तर, इसरलं तुमचं!" तेव्हा मी जो धूम पळालो, तो थेट स्वयंपाकघरात येऊन थांबलो. शाळेच्या स्नेहसंमेलनात शिक्षकांच्या शर्यतीत मी शेवटून दुसरा आलो होतो. त्या दिवशी ते लोक असते तर पहिला आलो असतो.

"टाकलं?" बायकोनं विचारलं.

"टाकलं. विषय संपला," मी धापा टाकत म्हणालो. दोन तांबे पाणी प्यायलो आणि झोपून गेलो. पोटातलं गुडगुडणंसुद्धा थांबलं!

साडेतीनच्या सुमाराला दारावर धाडधाड थापा पडल्या. दारात तात्या. घामाघूम. डोक्यावरची टोपी हातात.

"मास्तर, लय वांधा झाला. तिठ्यावर कोणीतरी उतारा टाकलाय."

"उतारा?" मी भोळेपणानं विचारलं.

"साधासुधा नाय मास्तर! कोहळा हाय कोहळा! पाच लिंबं मांडलीत, पार मापात. उदबत्ती लावलीय. ह्ये कोण्या पोचलेल्या माणसाचं काम हाय!"

आता तुमच्यापासून काय लपवायचं? त्या अवस्थेतसुद्धा मला आत कुठंतरी बरं वाटलं. मांडणीचं कौतुक झालं ना!

"मग... मग काय झालं त्यात?"

"काय झालं म्हंजी? टेम्पो अडकलाय की! डायव्हर म्हणतो, कोहळ्यावरून गाडी नाय घालणार. कडंनं जा म्हटलं तर दोन्ही अंगाला पाण्याची चारी खणलेली. सगळ्या गावाची कोथिंबीर भरलीय त्यात. सांजच्या लिलावाला पोचली नाय तर उद्या गुरांनी खायची ती. माझ्या एकट्याच्याच पाचशे जुड्या हायेत."

"कोणीतरी उचलून बाजूला ठेवा की."

"कोण हात लावणार? वीस पावलांच्या आत कोणी जाईना. मी म्हटलं, थांबा, आमच्याकडं मास्तर हाय! शाळेत लिंबातून रगत काढून दाखवतो आन सगळं खोटं हाय म्हणून सांगतो. चला मास्तर. तुमच्याबिगर कोणाच्यानं होणार नाय. माझी कोथिंबीर वाचवा!"

त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं. 'तात्या, तो पोचलेला माणूस मीच.' संपलं असतं. पण ज्या माणसाच्या विहिरीचं पाणी पितो, त्याचीच अख्खी तोडणी मी रस्त्यात अडवून ठेवली, हे कुठल्या तोंडानं सांगणार? आणि 'आमच्याकडं मास्तर हाय' हे त्यांनी इतक्या अभिमानानं म्हटलं होतं, की मी चपलाच पायात सरकवल्या.

मी मदतीच्या आशेनं बायकोकडं पाहिलं. ती पदर तोंडाला लावून उभी होती. गोड आवाजात म्हणाली, "जा ना. तुमच्या मनात थोडंच काही आहे?"

तिठ्यावर तीस-चाळीस माणसं जमलेली. मळ्याच्या बाजूला टेम्पो उभा, वर ओली गोणपाटं टाकलेली, कोथिंबिरीचा वास सगळीकडं दरवळलेला. ड्रायव्हर हाताची घडी घालून टेम्पोला टेकून उभा. त्याच्या बंपरला स्वतःचीच लिंबू-मिरची लटकत होती. रस्त्याच्या कडेला दगडावर तात्यांची आई बसलेली, खुरपं मांडीवर ठेवून. मी नमस्कार केला. म्हातारीनं मान हलवली आणि माझ्याकडं बघत राहिली.

आणि काय सांगू, माणसं दिसली की माझ्यातला वक्ता जागा होतो! मी घसा खाकरला.

"मंडळी! आपण एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर उभे आहोत. माणूस चंद्रावर जाऊन आला. आणि आपण एका फळभाजीला घाबरतो? कोहळा म्हणजे काय? नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी! लिंबू म्हणजे काय? सायट्रिक आम्ल! हे इथं ज्या कोणी ठेवलं असेल, तो माणूस अडाणी, भित्रा आणि डरपोक असला पाहिजे!"

"भित्रा आन डरपोक एकच की," मागून कोणीतरी म्हणालं.

"म्हणजे दुप्पट भित्रा!" मी म्हणालो. स्वतःविषयी इतकं खरं मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो.

"मग उचला की," ड्रायव्हर म्हणाला.

मी पुढं झालो. बाहेरून शूर, आणि आतून? आतून पार पाणी! अहो, एकदा टाकलेला उतारा टाकणाऱ्यानंच परत उचलला तर त्याचं काय होतं, याबद्दल आई कधी काही बोलली नव्हती. बोलण्याची वेळच आली नसेल, असा येडपटपणा कोण करतं? मनात रामरक्षा चालू होती, तीही मधल्या ओळी गाळून. डोळे मिटले, वाकलो आणि कोहळा उचलला.

काही झालं नाही! आकाश जागेवर, मी जागेवर.

टाळ्या पडल्या. मग मी लिंबं उचलली, मिरच्या गोळा केल्या, फडकं खांद्यावर टाकलं. ड्रायव्हरनं एकदा हात जोडले आणि टेम्पो घुर्रकन शहराच्या दिशेनं निघाला. तात्यांच्या डोळ्यांत पाणी. "मास्तर, तुम्ही होते म्हणून निभावलं!"

इथं मी गप्प घरी जायला हवं होतं. पण टाळ्या ना! टाळ्या चालूच होत्या. मी कोहळा दोन्ही हातांनी डोक्यावर धरला, विश्वचषक जिंकल्यासारखा, आणि गरजलो, "नुसता उचलणार नाही! हा कोहळा मी घरी नेऊन खाणार आहे! सगळ्यांच्या देखत सांगतो, खाणार आहे!"

आणि दगडावरून आवाज आला. घोगरा, कापरा.

"खा की रं बाबा. खायलाच तर ठेवला होता."

टाळ्या थांबल्या. कोहळा माझ्या डोक्यावरच राहिला.

"म्हंजी गं आई?" तात्या म्हणाले.

"आपल्या येलाचा पयला कोहळा. पयलं फळ म्हसोबाला दावलं, कुकू लावलं, आन पहाटंच मास्तरच्या ओट्यावर नेऊन ठेवला. नवीन माणसं हायेत, वानवळा नको द्यायला? लिंबं बांधावरची. मिरच्या ठेच्याला. माझ्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलं. म्हटलं आयतवार हाय, निजले असतील, दार कशाला वाजवू?"

वानवळा! शेतात पहिलं जे निघेल त्यातलं शेजाऱ्याकडं पोचवायचं, गाजावाजा न करता, ही त्या गावाची रीत. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. विज्ञानाच्या पुस्तकात नव्हतं ना!

"मग बाराला मी त्या बाभळीखाली भाकर खात बसले," म्हातारी पुढं सांगायला लागली, "तर मास्तर आले. कोहळा मांडला. लिंबं मांडली. उदबत्ती लावली. हात जोडले. मला वाटलं इसरून चालले. दोनदा हाका मारल्या, तर मास्तर जे पळाले!"

चाळीस माणसं. चाळीस! सगळी माझ्याकडं बघत होती.

"आन मगाशी का नाय बोललीस?" तात्यांनी विचारलं.

"मास्तर इतकं चांगलं बोलत होते. मधीच कशाला तोडायचं?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ना, ते मला त्या दिवशी कळलं. हसं झालं त्याचं एवढं वाटलं नाही. पण ती सत्तरीपुढची बाई, पाठीत वाकलेली, पहाटेच्या काळोखात तो दोन हातांनी पेलायचा कोहळा उचलून माझ्या ओट्यापर्यंत आली होती. आणि मी तो काठीनं उघडला होता! मला फार लाज वाटली. मी कोहळा खाली ठेवला आणि म्हातारीच्या पाया पडलो. "आजी, चुकलं माझं."

"असू दे, असू दे," ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली. "माणूस हाय, भ्याला. त्यात काय?"

तात्यांकडं मात्र बघवेना. तोंड लाल झालेलं, ओठ घट्ट मिटलेले. मी मनात म्हटलं, गेलं पाणी. आजच सामान बांधा. आणि तेवढ्यात तो माणूस मटकन रस्त्यात बसला आणि पोट धरून हसायला लागला. "दुप्पट भित्रा! आयो, आयो! दुप्पट भित्रा!" मग सगळा तिठाच हसायला लागला. जरा वेळानं मीही हसायला लागलो. दुसरा इलाजच नव्हता.

कोथिंबीर लिलावाला पोचली. ड्रायव्हरनं बाजारात तोंड मिटून ठेवलं असतं तर किती बरं झालं असतं! त्या भाजीतून आमच्या शाळेच्या शिपायाच्या घरीही जुडी गेली, आणि जुडीबरोबर बातमी. मंगळवारी वर्गात गेलो तर टेबलावर एक लिंबू.

बायकोनं कोहळ्याच्या वड्या केल्या आणि पहिला डबा आजीला नेऊन दिला. आम्ही तिथंच राहिलो. पुढं पाईपलाईन आली, बाराच्या बारा घरं भरली, खड्ड्याची बाग झाली. आजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. वानवळा मात्र अजून येतो. फक्त आमच्याकडं तो गुपचूप येत नाही. तात्यांची सून फाटकातूनच अशी हाळी देते की बाराही घरांना ऐकू जावं, "मास्तर! दोडके हायेत! आमच्या येलाचे! करणी नाय, भाजी हाय!"

आणि मी? मी अजूनही लोकांना सांगतो, करणी नाही, भानामती नाही, आहे ते फक्त रसायन. मनापासून सांगतो. फक्त अमावास्या असेल त्या दिवशी ओट्यावरची पिशवी आधी बायको उचलते. मी तेवढ्यात न्हाणीघरात असतो.